जखम तीच, कारण वेगळे: युद्धात जायबंदी झालेल्या सैनिकाचे वाढीव निवृत्तिवेतन कसे ठरते

सैन्यातून निवृत्त झालेल्या जवानाच्या घरी कपाटात एक कागद जपून ठेवलेला असतो. त्याला सगळे पीपीओ, म्हणजे पेन्शन पेमेंट ऑर्डर, म्हणतात. निवृत्तिवेतन किती, ते कोणत्या तारखेपासून आणि पत्नीला पुढे किती, हे सर्व त्या आदेशात लिहिलेले असते. ज्यांना सेवेत असताना कायमची दुखापत झाली, त्यांच्या पीपीओवर आणखी एक घटक असतो किंवा असायला हवा. तो घटक नेमका कोणता, त्याचे नाव ‘अपंगत्व घटक’ की ‘युद्धजखम घटक’, यावर त्या माणसाच्या उरलेल्या आयुष्यातील दर महिन्याची रक्कम अवलंबून असते. सातारा, सांगली, कोल्हापूर, अहिल्यानगर या जिल्ह्यांत घरटी सैनिक देणारी गावे आहेत, परंतु हा फरक नीट समजलेली माणसे तेथेही थोडी आढळतात. म्हणून तो येथे पायरीपायरीने मांडत आहे.

सुरुवात साध्या गोष्टीपासून करू. सैनिकाला कायमचे अपंगत्व आले आणि ते सेवेशी निगडित आहे असे मान्य झाले, तर त्याच्या निवृत्तिवेतनाचे दोन भाग पडतात. पहिला भाग त्याने केलेल्या नोकरीचा असतो. त्याला कार्यालयीन भाषेत सर्व्हिस एलिमेंट म्हणतात आणि आपण त्याला सेवा घटक म्हणू. हा साधारणपणे शेवटच्या ग्राह्य वेतनाच्या निम्मा असतो. दुसरा भाग शरीराच्या झालेल्या हानीचा असतो. हानी सेवेतील साध्या कारणाने झाली असेल तर तो अपंगत्व घटक, म्हणजे डिसॅबिलिटी एलिमेंट, होतो. हानी युद्धात किंवा युद्धसदृश परिस्थितीत झाली असेल तर तोच भाग युद्धजखम घटक, म्हणजे वॉर इन्ज्युरी एलिमेंट, होतो. सेवा घटकासह मिळणाऱ्या या दुसऱ्या प्रकारच्या निवृत्तिवेतनाला जवान सरसकट ‘वॉर इन्ज्युरी पेन्शन’ म्हणतात.

या दोन घटकांचे दर वेगवेगळे आहेत. शंभर टक्के अपंगत्वाला अपंगत्व घटक शेवटच्या वेतनाच्या 30 टक्के मिळतो. युद्धजखम घटकाचे दोन दर आहेत. जखमी होऊनही सैनिक सेवेत राहिला आणि मुदत पूर्ण करून निवृत्त झाला, तर शंभर टक्के अपंगत्वाला वेतनाच्या 60 टक्के मिळतात. जखमेमुळे त्याला मुदतीपूर्वीच सेवेतून काढावे लागले, ज्याला फौजेत ‘बोर्ड आउट’ होणे म्हणतात, तर शंभर टक्के अपंगत्वाला पूर्ण वेतनाइतका घटक मिळतो. अपंगत्व शंभराहून कमी असेल तर रक्कम त्याच प्रमाणात कमी होते. महागाई भत्ता या सगळ्यावर वेगळा मिळतो.

आकड्यांशिवाय हे डोक्यात बसत नाही, म्हणून एक कल्पित उदाहरण घेऊ. नाईक या हुद्द्याचे तीन जवान आहेत. तिघांचेही ग्राह्य वेतन हिशोबाच्या सोयीसाठी 50,000 रुपये धरू. तिघांच्याही उजव्या गुडघ्याला सारखीच कायमची इजा झाली असून वैद्यकीय मंडळाने तिघांचेही अपंगत्व 40 टक्के ठरवले आहे. सेवा घटक तिघांचा सारखाच, म्हणजे 25,000 रुपये. पहिला नाईक शांततेच्या ठाण्यावर कर्तव्य बजावत असताना वाहनाच्या अपघातात जखमी झाला आणि मुदत संपवून घरी आला. त्याला 30 टक्क्यांच्या 40 टक्के, म्हणजे वेतनाच्या 12 टक्के, म्हणजे 6,000 रुपये जादा मिळतील. दुसरा नाईक नियंत्रण रेषेवर गस्त घालताना सुरुंगस्फोटात जखमी झाला, पण सेवेत राहून मुदतीनंतर निवृत्त झाला. त्याला 60 टक्क्यांच्या 40 टक्के, म्हणजे 12,000 रुपये मिळतील. तिसराही त्याच स्फोटात जखमी झाला, मात्र त्याला सेवेत ठेवता आले नाही. त्याला वेतनाच्या 40 टक्के, म्हणजे 20,000 रुपये मिळतील. गुडघा तिघांचाही सारखाच निकामी झाला आहे. फरक केवळ त्या गुडघ्याला काय लागले आणि त्यानंतर काय झाले, एवढाच आहे.

हा भेद अन्यायकारक आहे का, असा प्रश्न येथे मनात येतो. माझ्या मते भेद असण्यात चूक नाही. शत्रूच्या गोळीसमोर माणूस आज्ञेने उभा असतो. त्याला तेथून बाजूला होण्याचा अधिकार नसतो आणि त्याची जखम ही त्याने देशाला दिलेल्या शब्दाची किंमत असते. ती किंमत मोजणाऱ्याला राज्याने वेगळे स्थान देणे योग्यच आहे. गाऱ्हाणे या भेदाविषयी नसते. जो खरोखर दुसऱ्या किंवा तिसऱ्या नाईकाच्या जागी आहे, त्याच्या कागदावर पहिल्या नाईकाचे कारण लिहिले जाते, याविषयी ते असते.

कारणांची वर्गवारी संरक्षण मंत्रालयाच्या 31 जानेवारी 2001 च्या आदेशात आहे. पाचव्या वेतन आयोगानंतर काढलेल्या या आदेशाने मृत्यू आणि अपंगत्व यांची कारणे ‘ए’ ते ‘ई’ अशा पाच गटांत विभागली. ‘ए’ गटात सेवेशी संबंध नसलेली नैसर्गिक कारणे येतात आणि त्यांना अपंगत्व घटक मिळत नाही. ‘बी’ गटात सेवेमुळे उद्भवलेले किंवा सेवेमुळे बळावलेले आजार येतात. ‘सी’ गटात कर्तव्यावरील अपघात येतात. ‘डी’ गट प्रामुख्याने प्रत्यक्ष मोहिमेबाहेर, कर्तव्यावर असताना किंवा नसतानाही, दहशतवादी वा समाजकंटकांच्या हिंसाचारात सापडलेल्यांसाठी आहे. युद्धजखमेच्या दृष्टीने महत्त्वाचा गट ‘ई’ हा आहे.

‘ई’ म्हणजे केवळ युद्ध, असा समज सर्वत्र आहे आणि त्या समजापायी अनेकजण दावाच करत नाहीत. या गटाचा विस्तार पुष्कळ मोठा आहे. आंतरराष्ट्रीय युद्धातील शत्रूची कारवाई त्यात आहेच. त्याखेरीज सीमेवरील चकमकी आहेत, परदेशातील शांतिसेनेत असताना घडलेल्या घटना आहेत, सुरुंग पेरताना किंवा काढताना झालेल्या इजा आहेत. पुढे ‘युद्धसदृश परिस्थिती’ असा एक उपगट आहे आणि त्याची यादी नीट वाचण्यासारखी आहे. मोहिमेच्या भागाकडे जाताना वाटेत झालेला सुरुंगस्फोट किंवा अतिरेक्यांचा हल्ला त्यात येतो. खऱ्या दारूगोळ्यासह होणारा लढाईचा सराव किंवा प्रात्यक्षिक त्यात येते. मोहिमेवर असताना अतिरेक्यांनी केलेले अपहरण येते. शासनाने वेळोवेळी खास अधिसूचित केलेल्या मोहिमांमधील अपंगत्वही याच गटात येते. सियाचेनमध्ये 1984 पासून चाललेली ऑपरेशन मेघदूत ही मोहीम अनेकांना ठाऊक असते. तेथे हिमदंशाने बोटे गमावलेल्या जवानाला गोळी लागलेली नसते, तरीही त्याने आपले कारण ‘ई’मध्ये बसते का, हे तपासून घ्यायलाच हवे.

हवामानाने केलेला घाव युद्धाचा मानावा की नाही, या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2024 मध्ये दिलेला एक निर्णय पाहण्यासारखा आहे. तो अपंगत्वाचा नसून एका वीरपत्नीच्या उदारीकृत, म्हणजे वाढीव दराच्या, कुटुंब निवृत्तिवेतनाचा होता, पण वर्गवारी तीच होती. तिचा पती जानेवारी 2013 मध्ये जम्मू-काश्मीरमध्ये नियंत्रण रेषेजवळ गस्तीवर असताना अतिशय प्रतिकूल हवामानात हृदयक्रिया बंद पडून गेला. त्या घटनेवर सुरुवातीला एक शेरा होता आणि नंतर तो बदलून सौम्य करण्यात आला. न्यायालयाने तिचा हक्क मान्य केला, सरकारचे अपील फेटाळले आणि अशा प्रकरणात वीरपत्नीला न्यायालयापर्यंत ओढायला नको होते असे सांगून 50,000 रुपयांचा खर्चही बसवला. कागदावरचा एक शब्द बदलला की एका घराला अकरा वर्षे झगडावे लागते, हे त्या प्रकरणातून दिसते.

तो शब्द कोण लिहितो, हे आता पाहू. जखम झाली की घटनास्थळाची युनिट घटनेची नोंद वरिष्ठांना कळवते. गरज असेल तर कोर्ट ऑफ इन्क्वायरी, म्हणजे लष्करी चौकशी, होते. कमांडिंग ऑफिसर इजेच्या अहवालावर आपले मत देतो. त्यानुसार घटना ‘बॅटल कॅज्युअल्टी’, म्हणजे युद्धातील हानी, आहे की ‘फिजिकल कॅज्युअल्टी’, म्हणजे इतर कारणाने झालेली हानी, हे ठरते आणि पार्ट टू ऑर्डर या युनिटच्या नोंदींच्या आदेशातून ती नोंद रेकॉर्ड ऑफिसकडे जाते. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या जवानाची ही कागदपत्रे बेळगावला, बॉम्बे सॅपर्सच्या जवानाची खडकीला, तोफखान्याच्या जवानाची नाशिक रोडला असतात. मेडिकल बोर्ड त्यानंतर, बहुधा पुष्कळ वर्षांनी, निवृत्तीच्या वेळी बसते. येथे सर्वांत मोठा गैरसमज होतो. जवानाला वाटते की बोर्डाच्या डॉक्टरांना सगळी हकिकत सांगितली की झाले. परंतु डॉक्टरांचे मुख्य काम शरीराची हानी किती टक्के, हे ठरवण्याचे असते. आजाराच्या बाबतीत तो सेवेमुळे आला का, यावर डॉक्टर मत देतात. जखमेच्या बाबतीत मात्र ती कोणत्या परिस्थितीत झाली, हे प्रशासकीय कागदांवरूनच ठरते. म्हणजे जखम झाली त्या आठवड्यात लिहिलेला अहवाल वीस वर्षांनंतरच्या निवृत्तिवेतनाचा पाया असतो. त्या आठवड्यात जवान रुग्णालयात बेशुद्ध असेल, तर त्याला त्या अहवालाची काही कल्पनाही नसते.

म्हणून शुद्धीवर आल्यावर, बरे वाटू लागल्यावर, पहिले काम कोणते असावे, याविषयी माझे मत ठाम आहे. आपल्या इजेच्या अहवालाची, कोर्ट ऑफ इन्क्वायरीच्या निष्कर्षाची आणि पार्ट टू ऑर्डरची प्रत मिळवावी व ती घरी ठेवावी. नोंद चुकीची असेल तर सेवेत असतानाच ती दुरुस्त करून घेण्यासाठी लेखी अर्ज द्यावा, कारण सोबतचे साक्षीदार जवान त्या वेळी एकाच युनिटमध्ये असतात. पुढे ते देशभर विखुरतात आणि कोण कोठे गेला, याचा पत्ता लागत नाही.

आता टक्क्यांकडे येऊ. वैद्यकीय मंडळ 11 ते 14 टक्के ठरवते की 20 टक्के, यात मोठे अंतर आहे, कारण मुदत पूर्ण करून निवृत्त होणाऱ्याला किमान 20 टक्के अपंगत्वाची अट आहे. 19 टक्क्यांना काहीच नाही. बोर्ड आउट झालेल्यांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये सुखविंदर सिंग प्रकरणात असे म्हटले की, ज्याला अपंगत्वामुळेच सेवेतून काढले, त्याचे अपंगत्व 20 टक्क्यांहून अधिक आहे असेच मानले पाहिजे. हे तर्काला धरूनच आहे. नोकरी जाण्याइतके मोठे, पण भरपाई न देण्याइतके लहान, असे अपंगत्व कसे असू शकेल?

टक्क्यांच्या बाबतीत आणखी एक सवलत आहे. तिला ब्रॉड बँडिंग म्हणतात आणि मराठीत आपण तिला टक्क्यांचे पूर्णांकन म्हणू. 50 पेक्षा कमी अपंगत्व 50 धरायचे, 50 ते 75 दरम्यानचे 75 धरायचे आणि 76 ते 100 दरम्यानचे 100 धरायचे. वैद्यकीय मापन कधीच काटेकोर नसते आणि 40 की 45 यावर माणसाचे उत्पन्न लटकत ठेवू नये, हा त्यामागचा विचार आहे. आपल्या तीन नाईकांचे 40 टक्के या नियमाने 50 होतात आणि जादा रक्कम 6,000 ऐवजी 7,500, 12,000 ऐवजी 15,000 आणि 20,000 ऐवजी 25,000 होते. मूळ आदेशात ही सवलत फक्त बोर्ड आउट झालेल्यांना होती. मुदत संपवून निवृत्त झालेल्यांना ती नाकारली जाई. 10 डिसेंबर 2014 रोजी राम अवतार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हा भेद अमान्य केला आणि दोघांनाही सवलत दिली. तरीही त्यानंतर अनेक माजी सैनिकांना हीच सवलत मिळवण्यासाठी सशस्त्र दल न्यायाधिकरणाची पायरी चढावी लागली आहे. ज्या प्रश्नावर देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने उत्तर दिले, तोच प्रश्न म्हाताऱ्या हवालदाराने पुन्हा वकील लावून विचारावा, ही गोष्ट मला मनापासून खटकते.

2009 मध्ये कॅबिनेट सचिवांच्या समितीच्या शिफारशीनंतर एक महत्त्वाचा बदल झाला. त्यापूर्वी बोर्ड आउट झालेल्या युद्धजखमी सैनिकाचा सेवा घटक आणि युद्धजखम घटक मिळून शेवटच्या वेतनापेक्षा जास्त होऊ शकत नसे. ही मर्यादा त्या वर्षी काढण्यात आली. सातव्या वेतन आयोगाच्या वेळी तर अपंगत्व घटकाची टक्केवारीची पद्धतच बदलून ठरावीक रकमेचे टप्पे करावेत असा प्रस्ताव आला होता. त्यावर सैन्यदलांतून तीव्र नाराजी उमटली आणि 3 मे 2017 रोजी मंत्रिमंडळाने टक्केवारीची पद्धत कायम ठेवण्याचा निर्णय घेतला.

21 सप्टेंबर 2023 पासून अपंगत्वविषयक नवे नियम लागू झाले आहेत. जे सेवेत राहून निवृत्त होतात, त्यांच्यासाठी अपंगत्व घटकाऐवजी ‘इम्पेअरमेंट रिलीफ’ असा नवा शब्दप्रयोग त्यांत आला आहे आणि आजारांच्या निकषांतही बदल झाले आहेत. त्या तारखेपूर्वी सेवेतून बाहेर पडलेल्यांचे हक्क जुन्या नियमांनी पाहिले जातात. म्हणून कोणाचा सल्ला घेताना निवृत्तीची तारीख आधी सांगावी. शेजारच्या सुभेदारांना जे मिळाले, तेच आपल्याला त्याच अर्जाने मिळेल असे गृहीत धरू नये.

आजाराच्या बाबतीत जुन्या नियमांखालील एक निर्णय प्रत्येक माजी सैनिकाला माहीत असावा. 2 जुलै 2013 च्या धरमवीर सिंग प्रकरणातील जवान भरतीच्या वेळी धडधाकट होता आणि पुढे अपस्माराच्या विकारामुळे त्याला बाहेर काढण्यात आले होते. सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की भरतीच्या वेळी कोणताही दोष नोंदवलेला नसेल, तर माणूस तेव्हा निरोगी होता असे धरावे लागते आणि नंतरचा विकार सेवेमुळे नाही, हे सिद्ध करण्याचा भार सरकारवर असतो. युद्धजखमेच्या प्रकरणात याचा थेट उपयोग कमी, पण गोळीच्या जखमेबरोबर पुढे रक्तदाब किंवा मानसिक आजारही नोंदला गेलेला असतो, तेव्हा सगळे टक्के एकत्र मोजताना हा निर्णय मदतीला येतो.

टक्के हे माणसाच्या कुवतीचे माप नव्हे, हेही येथे सांगावेसे वाटते. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर 1965 च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले आणि त्यांनीच 1972 मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये जलतरणात भारताला पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. पुण्यात तर या विषयाचा मोठा वारसा आहे. वानवडीचे कृत्रिम अवयव केंद्र 1944 पासून सैनिकांना हातपाय बसवून देत आहे, खडकीची क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट 1917 पासून जायबंदी जवानांना हुन्नर शिकवत आहे आणि खडकीतच कमरेखाली लुळे पडलेल्या सैनिकांचे पुनर्वसन केंद्र आहे. ज्याने पुन्हा उभे राहून कमाई सुरू केली, त्याचे युद्धजखम निवृत्तिवेतन त्यामुळे कमी होत नाही. ते बुडालेल्या मजुरीची भरपाई नसून गमावलेल्या शरीराची भरपाई आहे.

एका सापळ्याकडे विशेष लक्ष वेधतो. जखमी होऊनही सेवेत ठेवलेल्या सैनिकाला, दरमहा मिळणारा घटक सोडून देऊन त्याऐवजी एकरकमी भरपाई घेण्याचा पर्याय दिला जातो. तरुण वयात घर बांधायचे असते, बहिणीचे लग्न असते, आणि रक्कम डोळ्यांत भरते. पण ती घेतली की निवृत्तीनंतरचा मासिक घटक गेला. तीस-चाळीस वर्षे महागाई भत्त्यासह मिळणारी रक्कम एका सहीने सोडणे फार क्वचित फायद्याचे ठरते. सही करण्यापूर्वी कागद घरी आणावा, दोन माणसांना दाखवावा.

दावा नाकारला गेला तर अपिलाचे दोन टप्पे असतात आणि दोन्ही लेखी व मुदतीत करायचे असतात. त्यानंतर सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे, आणि महाराष्ट्रातील माजी सैनिकांसाठी त्याचे खंडपीठ मुंबईत आहे. फार उशीर झाला असेल तरी आशा सोडू नये, कारण निवृत्तिवेतनाचा हक्क दर महिन्याला नव्याने निर्माण होतो असे न्यायालये मानतात. मात्र 2008 च्या तरसेम सिंग निर्णयानंतर थकबाकी बहुधा दावा दाखल करण्यापूर्वीच्या तीन वर्षांपुरतीच मिळते. 1983 मध्ये बाहेर काढलेला तो जवान 1999 मध्ये न्यायालयात गेला. त्याचा हक्क मान्य झाला, पण मधल्या वर्षांची रक्कम हातून गेली.

अर्ज कोठून सुरू करावा हे कळत नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जावे. रेकॉर्ड ऑफिसला पाठवायचे पत्र तेथे लिहून मिळते आणि ‘स्पर्श’ या ऑनलाइन प्रणालीतील नोंदही तपासून मिळते. स्पर्शवर आपला पीपीओ उघडून दुसऱ्या घटकाचे नाव आणि टक्के पाहण्यास दहा मिनिटे पुरतात. शंभर टक्के अपंगत्व असलेल्या आणि सतत कोणाच्या तरी मदतीवर अवलंबून असलेल्या सैनिकाने त्याच वेळी आणखी एक नोंद पाहावी. वैद्यकीय मंडळाने शिफारस केली असेल तर त्याला परिचर भत्ता मिळतो, जो सातव्या वेतन आयोगानुसार दरमहा 6,750 रुपये ठरला आणि महागाई भत्त्याबरोबर टप्प्याने वाढतो. तो पीपीओवर नसेल, तर बोर्डाच्या कागदात शिफारस होती की नाही हे पाहून नसल्यास नव्याने मागता येते. हा भत्ता सैनिकाच्या नावावर येतो, पण रोज पहाटे उठून त्याला कुशीवर वळवणारी, अंघोळ घालणारी, खुर्चीत बसवणारी जी पत्नी किंवा आई असते, तिच्या श्रमांची ही सरकारदरबारी असलेली एकमेव नोंद आहे.